पातळ पारपटल आणि लेसर शस्त्रक्रिया : पर्याय कसा निवडावा?

परळी वैजनाथ व आसपासच्या गावांतून नेत्रतपासणीसाठी येणाऱ्या तरुण-तरुणींच्या मनात एक प्रश्न बहुधा असतोच. लेसरने चष्म्याचा नंबर घालविता येईल का? या प्रश्नामागची कारणे समजण्याजोगी आहेत. कोणाला भरतीच्या मैदानात चष्म्याविना उतरावयाचे असते, कोणाला राखेच्या व धुळीच्या कामात चष्मा सांभाळणे जड जाते, तर कोणाच्या मुलीचे लग्न ठरविताना पाहुण्यांनी चष्म्याविषयी विचारलेले असते. अशा वेळी मोठ्या शहरात जाऊन तपासणी केली जाते आणि तेथे सांगण्यात येते, "आपले पारपटल पातळ आहे." त्यानंतर एक ठिकाणी एका पद्धतीचा सल्ला मिळतो, दुसरीकडे दुसऱ्या पद्धतीचा, आणि तिसरीकडे शस्त्रक्रियाच नको असे सांगितले जाते. रुग्णाचा व त्याच्या पालकांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू हा गोंधळ कमी करणे एवढाच आहे. कोणते यंत्र नवे आणि कोणते जुने, यापेक्षा शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात काय शिल्लक राहणार आणि जे राहणार ते पुढील पन्नास वर्षे टिकेल काय, या दृष्टीने पर्यायांकडे पाहावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

पारपटल म्हणजे काय?

आपल्या बोलीत ज्याला आपण बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक, किंचित फुगीर भाग असतो. त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. प्रकाश डोळ्यात शिरताना प्रथम येथेच वळतो. डोळ्याची प्रकाश वळविण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते, आणि त्यांपैकी ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची असते. म्हणूनच पारपटलाचा फुगीरपणा थोडा बदलला तरी चष्म्याचा नंबर बदलतो. लेसर शस्त्रक्रियेचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

पारपटलाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. छपाईच्या साध्या कागदाची जाडी १०० मायक्रॉन धरली, तर पाच-साडेपाच कागद एकावर एक ठेवल्याएवढाच हा पडदा आहे. कडेकडे तो अधिक जाड होत जातो. त्यात सर्वांत वर सुमारे ५० मायक्रॉनचे नाजूक पेशींचे आवरण असते. ते खरचटले तरी काही दिवसांत पुन्हा भरून येते. त्याखालील मुख्य थर कोलॅजन नावाच्या तंतूंचा असून पारपटलाचे बळ त्यातच असते. हा थर एकदा काढला की पुन्हा वाढत नाही. सर्वांत आत पेशींचा एकेरी थर असतो. तो पाणी बाहेर टाकून पारपटल स्वच्छ ठेवतो.

सर्वांचे पारपटल सारख्या जाडीचे नसते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी नागपूरजवळील खेड्यांत तीस वर्षांवरील हजारो ग्रामस्थांची तपासणी केली होती. 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मध्यभागाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आढळली. म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकांतील सरासरीपेक्षा आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातील पारपटल थोडे पातळच निघाले. तेव्हा ४९० किंवा ५०० हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. पातळ पारपटल हा स्वतः रोग नव्हे. अशा कितीएक व्यक्ती आयुष्यभर उत्तम दृष्टीने जगतात.

जाडी एक, आकार दुसरा

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. काहींचे पारपटल जन्मतः पातळ असते, पण सर्व बाजूंनी सारखे व घाटदार असते. काहींचे मात्र एखाद्या भागी, बहुधा खालच्या बाजूस, हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागते. या दुसऱ्या विकारास केरॅटोकोनस म्हणतात. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा नंबर, दर वर्षी बदलतो आणि नवा चष्मा घेऊनही स्पष्ट दिसत नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीत पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर वा अधिक असणे हा निकष लावला असता, शंभरात दोनांहून थोड्या अधिक व्यक्तींत हा विकार असल्याचे नोंदले गेले. केवळ वक्रतेवरून काढलेला हा आकडा असला तरी आपल्या भागात हा विकार दुर्मीळ समजून चालणार नाही, एवढा बोध त्यातून नक्कीच घ्यावा.

डोळे चोळण्याची सवय आणि केरॅटोकोनस यांचा निकटचा संबंध आहे. उन्हाळ्यातील धूळ, औष्णिक विद्युत केंद्राची राख, वीटभट्ट्यांचा धूर यांनी डोळ्यांना खाज सुटते आणि मुले मुठीने डोळे चोळतात. ज्या मुलास दर उन्हाळ्यात डोळ्यांची ॲलर्जी होते, त्याची खाज वेळीच औषधाने आटोक्यात आणणे आणि त्यास चोळण्यापासून परावृत्त करणे, हा पारपटल जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. पालकांनी ही गोष्ट सवय म्हणून सोडून देऊ नये.

यास्तव लेसरपूर्वी केवळ जाडी मोजून भागत नाही. पारपटलाच्या पुढील व मागील अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढावा लागतो. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर ही तपासणी काही मिनिटांत, डोळ्यास स्पर्शही न करता होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीपूर्वी त्या बंद ठेवावयास हव्यात. मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा फसवा येतो.

लेसर नेमके काय करते?

लेसर नंबर 'जाळते' अशी एक समजूत आहे. वस्तुतः एक्सायमर लेसरचे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पारपटलाच्या ऊतीचा अतिशय पातळ थर आजूबाजूस उष्णतेची इजा न करता काढून टाकतात. या गुणधर्माचा शोध १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. तो लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे एक होत. पुढे १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी पारपटलावरील उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर होणाऱ्या या शस्त्रक्रियांचा पाया तेथे घातला गेला.

जवळचे स्पष्ट व लांबचे अंधूक दिसत असेल, म्हणजे नंबर उणे असेल, तर पारपटलाचा मध्य थोडा चपटा करावा लागतो. किती ऊती काढावी लागेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. ज्या वर्तुळात लेसर द्यावयाचे त्याच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करावा, त्यास नंबराने गुणावे आणि तीनने भागावे. सहा मिलिमीटरच्या वर्तुळासाठी प्रत्येक नंबरामागे १२ मायक्रॉन आणि साडेसहा मिलिमीटरसाठी सुमारे १४ मायक्रॉन ऊती जाते. प्रत्यक्ष यंत्रांत हा आकडा थोडाफार निराळा येतो. वर्तुळ लहान घेतले तर ऊती वाचते, परंतु रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. म्हणजे येथेही काही मिळविण्यासाठी काही द्यावे लागते.

डोळ्याच्या आत सतत दाब असतो. तो दाब तोलून धरण्याचे काम पारपटलाचे तंतू करतात. मर्यादेपेक्षा अधिक ऊती काढली अथवा मुळातच दुर्बल असलेल्या पारपटलावर लेसर केले, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी ते पुढे फुगू लागते. या उपद्रवास एक्टेसिया म्हणतात. लेसिकनंतर होणाऱ्या या उपद्रवाचे वर्णन १९९८ मध्ये थिओ सायलर यांनी प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून पूर्वतपासणीचे महत्त्व सर्वांना पटले. हा उपद्रव विरळा आहे, परंतु तो झाल्यास चष्म्यानेही नीट दिसत नाही. घालविलेल्या नंबराच्या बदली कडक लेन्स, क्रॉसलिंकिंग व क्वचित पारपटलाचे प्रत्यारोपण अशी वाट धरावी लागते. पातळ पारपटलाच्या प्रश्नात पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

तीन पद्धती आणि त्यांचा हिशेब

लेसरच्या आज प्रचलित असलेल्या मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली पीआरके. यात वरचे नाजूक आवरण दूर करून थेट मुख्य थरावर लेसर देतात. पापुद्रा कापावा लागत नाही, त्यामुळे पारपटलाचे अधिकाधिक बळ राखले जाते. मात्र आवरण भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा दुखतो, पाणी येते, पट्टीसारखी मऊ लेन्स घालून ठेवावी लागते. दृष्टी स्थिर होण्यास कित्येक आठवडे लागतात. मोठ्या नंबरात पुढे पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो. तो टाळण्यासाठी मायटोमायसिन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी क्षणभर लावतात, आणि पुढे काही महिने कडक उन्हात काळा चष्मा वापरण्यास सांगतात.

दुसरी लेसिक. ग्रीसमधील इओआनिस पालिकारिस यांनी ही पद्धत १९९० च्या सुमारास पुढे आणली. यात प्रथम पारपटलाचा एक पापुद्रा कापून बाजूस करतात, खालच्या थरावर लेसर देतात आणि पापुद्रा पुन्हा जागी बसवितात. दुखणे फारसे होत नाही व दुसऱ्याच दिवशी बरेच स्पष्ट दिसते. यामुळेच ती लोकप्रिय झाली. पूर्वी पापुद्रा पात्याने कापीत आणि तो अधिक जाड निघे. आता फेम्टोसेकंद लेसरने १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा करता येतो. परंतु एकदा कापलेला पापुद्रा जागी बसला तरी पारपटलाच्या बळात त्याचा वाटा नगण्यच राहतो. जोराचा मार लागल्यास तो सरकण्याचीही शक्यता असते. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांनी वा पोलीस-सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जाहिरातींत दिसणारी कॉन्टुरा ही पारपटलाच्या नकाशावर आधारलेली लेसिकच होय. पापुद्र्याचा हिशेब तिलाही चुकत नाही.

तिसरी स्माइल. या पद्धतीचे पहिले मोठे निष्कर्ष जर्मनीतील वॉल्टर सेकुंडो व मार्कुस ब्लूम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. येथे फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच एक बारीक भिंगासारखी चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. मोठा पापुद्रा नसल्याने वरच्या तंतूंची हानी कमी होते व कोरडेपणाही तुलनेने कमी राहतो. मात्र त्याच नंबरासाठी स्माइलमध्ये काढली जाणारी ऊती बहुधा लेसिकपेक्षा थोडी अधिक असते. "छेद लहान, म्हणून पातळ पारपटलास सुरक्षित" असे सरसकट समजणे म्हणूनच योग्य नव्हे. स्माइलनंतरही एक्टेसिया झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

निर्णय घेताना तज्ज्ञ दोन आकडे पाहतात. पहिला, लेसिकनंतर पापुद्र्याखाली अस्पर्शित राहणारा थर. तो कमीत कमी २५० मायक्रॉन असावा असा जुना दंडक आहे. आज अनेक शल्यविशारद २८० ते ३०० चा आग्रह धरतात. दुसरा, पापुद्रा व काढलेली ऊती मिळून मूळ जाडीच्या किती टक्के होतात तो. हे प्रमाण ४० टक्के वा त्याहून अधिक झाल्यास, नकाशा निर्दोष असलेल्या डोळ्यांतही धोका वाढतो, असे सांतियागो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. याखेरीज वय, नंबर स्थिर आहे की वाढतो आहे, आणि घरात कोणास केरॅटोकोनस आहे काय, हेही पाहिले जाते.

तीन उदाहरणे

हा हिशेब समजण्यासाठी तीन काल्पनिक उदाहरणे घेऊ. तिन्हींत वर्तुळ साडेसहा मिलिमीटरचे व पापुद्रा ११० मायक्रॉनचा धरला आहे.

पहिल्या तरुणाचे पारपटल ४८० मायक्रॉन, नंबर उणे ३, नकाशा घाटदार. ऊती जाईल सुमारे ४२ मायक्रॉन. लेसिक केल्यास ४८० मधून ११० व ४२ वजा जाता ३२८ उरतात आणि प्रमाण सुमारे ३२ टक्के येते. कागदावर हिशेब बसतो. तरीही एवढ्या पातळ पारपटलावर पापुद्रा कशासाठी कापावा, असा विचार करून पुष्कळ तज्ज्ञ येथे पीआरके सुचवितात. तीत आवरण भरून आल्यावर एकूण जाडी सुमारे ४३८ राहते आणि खालचा सर्व भाग अखंड राहतो. तीन-चार दिवसांच्या दुखण्याच्या मोबदल्यात पुढील कित्येक वर्षांची निश्चिंती मिळते, असा हा सौदा आहे.

दुसऱ्या तरुणीचे पारपटल ४९० मायक्रॉन, नंबर उणे ८, नकाशा निर्दोष. ऊती जाईल ११३ मायक्रॉन. लेसिकमध्ये उरतील २६७, आणि प्रमाण येईल ४५ टक्क्यांहून अधिक. पीआरके केले तर एकूण जाडी ३७७ वर येते, शिवाय एवढ्या नंबरात धूसरपणाची भीती. स्माइलमध्ये ऊती आणखीच जाणार. येथे कोणतेही लेसर योग्य ठरत नाही. पुढे सांगितलेल्या आतील भिंगाचा विचार करावा, नाही तर चष्मा ठेवावा.

तिसऱ्या तरुणाचे पारपटल ५३० मायक्रॉन, नंबर अवघा उणे २, पण सिलिंडर दोन वर्षांत वाढलेला आणि नकाशात खालचा भाग उंचावलेला. जाडीचा आकडा तिघांत सर्वांत चांगला असूनही या तरुणास लेसर मुळीच करू नये. त्याला गरज आहे ती केरॅटोकोनसच्या तपासणीची व नियमित देखरेखीची. जाडी पाहून हुरळून जाऊ नये आणि जाडी पाहून खचूनही जाऊ नये, हे या तीन उदाहरणांतून स्पष्ट व्हावे.

पारपटलास हात न लावणारा पर्याय

नंबर मोठा व पारपटल पातळ असल्यास आयसीएल म्हणून ओळखले जाणारे भिंग डोळ्याच्या आत, परितारिकेच्या मागे व नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसविता येते. पारपटलाची ऊती काढावी लागत नाही, त्यामुळे जाडीचा प्रश्न उद्भवत नाही. गरज भासल्यास भिंग काढूनही घेता येते. अमेरिकेत या भिंगास २००५ मध्ये, आणि मध्यभागी सूक्ष्म छिद्र असलेल्या सुधारित भिंगास २०२२ मध्ये मान्यता मिळाली. या छिद्रातून डोळ्यातील द्रव वाहता राहतो व दाब वाढण्याची शक्यता घटते.

मात्र ही डोळ्याच्या आत शिरून केलेली शस्त्रक्रिया आहे हे विसरू नये. भिंग बसण्यास डोळ्याच्या पुढील कप्प्यात पुरेशी खोली, साधारणतः २.८ ते ३ मिलिमीटर, असावी लागते. आतील पेशींची संख्या मोजावी लागते. विरळा का होईना, जंतुसंसर्ग, दाब वाढणे, अकाली मोतीबिंदू हे धोके असतात. खर्चही लेसरपेक्षा बहुधा अधिक येतो. दरवर्षी तपासणीस जाणे शक्य नसेल, तर हा पर्याय निवडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. आणखी एक गोष्ट. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात दृष्टिपटल ताणलेले असते. नंबर लेसरने गेला वा भिंगाने गेला, तरी दृष्टिपटलाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

क्रॉसलिंकिंगविषयी थोडेसे

रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब, आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने पारपटलाचे तंतू घट्ट करण्याची पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झाली व २००३ मध्ये तिचे केरॅटोकोनसवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढता केरॅटोकोनस थांबविण्यासाठी हा मोलाचा उपचार आहे. मूळ पद्धतीत आवरण काढल्यानंतर निदान ४०० मायक्रॉन जाडी असावी लागते. म्हणजे विकार लवकर ओळखला तरच तो सुखाने करता येतो. परंतु या उपचाराने चष्मा जात नाही. "क्रॉसलिंकिंग सोबत केले की कोणतेही पातळ पारपटल लेसरला चालते" असे कोणी सांगत असल्यास, ते विधान तपासून घेण्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

भरतीच्या उमेदवारांसाठी

भरतीच्या घाईने लेसर करवून घेणाऱ्यांनी आधी भरतीचे नियम वाचावेत. भारतीय वायुसेनेत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांच्या वैद्यकीय निकषांत शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी झालेली नसावी, तिला निदान बारा महिने झालेले असावेत, मूळ नंबर सहापेक्षा अधिक नसावा, आणि शस्त्रक्रियेनंतरची जाडी ४५० मायक्रॉनहून कमी नसावी, अशा अटी आहेत. आपल्या पहिल्या उदाहरणातील तरुणाची जाडी पीआरकेनंतर ४३८ राहते. वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरलेली शस्त्रक्रिया त्यास या भरतीत बाद करू शकते! रेल्वेत लोको पायलटसारख्या ए-१ दर्जाच्या पदांसाठी तर लेसर झालेला उमेदवार पात्रच धरला जात नाही. परळीसारख्या गावी रेल्वेच्या नोकरीची आस धरणारे तरुण पुष्कळ आहेत; त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी आणि त्यानंतरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.

शस्त्रक्रियेनंतरची जबाबदारी

लेसर झाल्यावर रुग्णाचा आणि नेत्रतज्ज्ञाचा संबंध संपत नाही. पातळ पारपटलाच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष आहेत.

पहिली काचबिंदूसंबंधी. डोळ्याचा दाब मोजण्याची नेहमीची पद्धत पारपटल दाबून पाहण्याची आहे. पारपटल पातळ असेल तर प्रत्यक्ष दाब अधिक असूनही यंत्रावर कमी दिसू शकतो. लेसरनंतर ते आणखी पातळ होते, आणि वाढलेला दाब नजरेतून निसटण्याची भीती वाढते. पीआरकेनंतर स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे वापरावे लागतात, आणि काही जणांत त्यांनीही दाब वाढतो. म्हणून हे थेंब सांगितलेल्या मुदतीपुरतेच वापरावेत. संपले की औषधाच्या दुकानातून परस्पर पुन्हा आणू नयेत.

दुसरी मोतीबिंदूसंबंधी. आज पंचविशीत असलेली व्यक्ती कधीतरी साठीची होईल आणि मोतीबिंदूसाठी एखाद्या रुग्णालयात किंवा शिबिरात येईल. लेसर झालेल्या डोळ्यात बसवावयाच्या भिंगाचा नंबर नेहमीच्या सूत्राने काढल्यास चुकतो, आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जाड चष्मा लागतो. लेसरपूर्वीचा नंबर, पारपटलाची वक्रता, जाडी व किती ऊती काढली याची नोंद हाती असेल तर ही चूक बव्हंशी टाळता येते. म्हणून ते कागद सातबाराच्या उताऱ्याइतकेच जपून ठेवावेत आणि पुढे डोळ्याच्या कोणत्याही तपासणीत "माझे लेसर झालेले आहे" असे आपण होऊन सांगावे.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबाद अशा शहरांत तपासणीस जाणाऱ्यांनी पुढील प्रश्न लिहून न्यावेत व उत्तरेही लिहून घ्यावीत.

१. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पारपटलाची सर्वांत पातळ जागी जाडी किती आहे?

२. नकाशा पुढून व मागून निर्दोष आहे काय? संशय असल्यास सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे काय?

३. गेल्या वर्षभरात माझा नंबर स्थिर आहे काय?

४. सुचविलेल्या पद्धतीत किती ऊती जाईल व किती उरेल? एकूण प्रमाण किती टक्के?

५. हीच पद्धत का, आणि बाकीच्या का नकोत?

६. मला डोळे कोरडे पडण्याचा किंवा खाजेचा त्रास आहे. त्याचे आधी काय करावयाचे?

७. सर्व मोजमापांची प्रत मला मिळेल काय?

वय अठरापेक्षा कमी असणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच नंबर बदलत असणाऱ्यांनी थांबावे. जेथे घाई केली जाते, आजच पैसे भरल्यास सवलत असे सांगितले जाते, तेथून परत येण्यास संकोच करू नये.

चष्म्यास कमी लेखू नये

तपासणीअंती "आपणास लेसर करू नये" असे उत्तर मिळाले, तर ते अपयश समजू नये. योग्य रुग्णास नाही म्हणणे हेही वैद्यकाचे कर्तव्यच आहे. चष्मा हे डोळ्यास स्पर्श न करणारे, केव्हाही बदलता येणारे आणि धुळीपासून थोडेफार संरक्षणही देणारे साधन आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरावयाच्या असल्यास हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स नळाच्या, बोअरच्या वा हौदाच्या पाण्याने कधीही धुऊ नये व ती घालून झोपू नये. अशा पाण्यातील अकांथामिबासारख्या जंतूंमुळे होणारी पारपटलाची जखम फार चिवट असते.

मुलीच्या चष्म्यावरून सोयरीक अडली म्हणून तिला न पेलणाऱ्या शस्त्रक्रियेस बसविणे कोणत्याही पालकांना शोभणारे नाही. तिच्या पारपटलाची जाडी पाहुण्यांच्या पसंतीने वाढत नाही. लेसर, आतील भिंग व चष्मा हे तिन्ही पर्याय आपापल्या जागी चांगले आहेत. त्यांतील कोणता आपला, हे मोजमापे हाती आल्यावर, सावकाश विचार करून आणि गरज वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञास विचारून ठरवावे. नंबर पुढच्या वर्षीही घालविता येईल. गेलेली ऊती मात्र परत आणता येत नाही.